वडिलांचे तेवीस डबे : शंख-शिंपल्यांच्या संग्रहाच्या कामाची नोंदवही

७ जानेवारी २०२४

माझे वडील बंदर खात्यात नोकरीला होते आणि बदल्यांमुळे रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले व शेवटी मुंबई असे किनाऱ्या-किनाऱ्याने राहिले. सुट्टीच्या दिवशी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरून मिळतील ते रिकामे शंख-शिंपले ते घरी आणत, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळत आणि आत एक चिठ्ठी टाकून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. असे तेवीस डबे गेली तीस वर्षे पुण्याच्या घरातल्या माळ्यावर होते. आज ते सगळे खाली काढले. वरवर मोजता ६४० नग भरले. वडिलांच्या एका जुन्या वहीत १७१ लॅटिन नावेही लिहिलेली सापडली.

या संग्रहाची नीट यादी करून ती अभ्यासकांना उपयोगी पडेल अशी मांडावी, असे ठरवले आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे, त्यामुळे प्राणिशास्त्रातले जे काही लागेल ते संकेतस्थळांवरूनच शिकावे लागणार आहे. घरात असा संग्रह असलेल्या दुसऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून काय चुकले, किती पैसे गेले आणि किती दिवस वाया गेले हे सारे येथे लिहीत जाईन.

१४ जानेवारी

पहिल्याच आठवड्यात सर्वांत मोठी चूक झाली आणि ती भरून येण्यासारखी नाही. पहिल्या तीन डब्यांतील नगांवर धूळ व मातीचा थर होता, म्हणून मी ते सगळे एकदम बादलीत घालून धुतले आणि गच्चीत चादरीवर वाळत टाकले. कागद आणि चिठ्ठ्या बाजूला एका ताटात ठेवल्या होत्या. संध्याकाळी वारा सुटला तेव्हा काही चिठ्ठ्या उडून गेल्या, आणि ज्या उरल्या त्यांतली कोणती कोणत्या नगाची हे सांगता येईना. असे ५८ नग आज बिनजागेचे झाले. बादलीच्या तळाशी साठलेली वाळू मी तुळशीच्या कुंडीत ओतून टाकली, हीसुद्धा चूकच होती. ती का, हे पुढे जुलैच्या नोंदीत येईल.

शंखाचे नाव आज चुकले तरी उद्या दुसरा कोणी नग पाहून ते दुरुस्त करू शकतो. तो कोणत्या किनाऱ्यावर आणि कधी मिळाला, हे मात्र त्या चिठ्ठीखेरीज जगात कुठेही लिहिलेले नसते. उरलेल्या वीस डब्यांसाठी नियम केला : एका वेळी एकच पुडी उघडायची, नग, चिठ्ठी आणि कागद यांचे एकत्र छायाचित्र घ्यायचे, तिन्हींवर एकच क्रमांक टाकायचा आणि मगच पुढची पुडी हातात घ्यायची. या रीतीने तासाला जेमतेम बारा पुड्या होतात.

४ फेब्रुवारी

वडिलांच्या वहीतली नावे जुनी आहेत. त्यांनी कवडीला ‘सायप्रिया मोनेटा’ लिहिले आहे, आता ती ‘मोनेटारिया मोनेटा’ आहे. त्यांचा ‘आर्का ग्रॅनोसा’ हा शिंपला मधल्या काळात ‘अनाडारा’ झाला आणि आज ‘टेगिलार्का ग्रॅनोसा’ म्हणून ओळखला जातो. जुन्या नावावरून आजचे नाव काढण्यासाठी सर्वांत भरवशाची जागा म्हणजे ‘वर्म्स’ ही सागरी जीवांच्या नावांची जागतिक नोंदवही, जी बेल्जियममधल्या ऑस्टेंड येथील सागरी संस्थेत सांभाळली जाते. तिच्यावर प्रत्येक नावापुढे ते स्वीकृत आहे की नाही हे लिहिलेले असते आणि नसेल तर स्वीकृत नावाचा दुवा दिलेला असतो. एकेक नाव शोधत बसण्याची गरज नाही : एक्सेलची यादी एकदम चढवली की प्रत्येक ओळीपुढे आजचे नाव आणि त्या नावाचा कायमचा क्रमांक जोडून परत मिळतो. हा क्रमांक आपल्या यादीत अवश्य ठेवावा, कारण पुढे वंशाचे नाव, म्हणजे लॅटिन नावातला पहिला शब्द, पुन्हा बदलले तरी त्याच क्रमांकावरून नवे नाव लगेच काढता येते.

शोध रोमन लिपीतच घ्यावा लागतो आणि वहीतल्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर चुकले असेल तर ते संकेतस्थळ जवळची दोन-तीन नावे पुढे करते. त्यांतले पहिले डोळे मिटून घेऊ नये.

येथे दोन ठिकाणी अडले. सहा नावे काही केल्या सापडेनात. दोन संध्याकाळी घालवल्यावर लक्षात आले की ही नदीतली मंडळी आहेत, म्हणजे ‘पायला’ ही तळ्या-ओढ्यांतली गोगलगाय आणि ‘लॅमेलिडेन्स’ हा गोड्या पाण्यातला शिंपला. वर्म्सवर ‘फक्त सागरी’ ही खूण आधीपासूनच लावलेली असते, त्यामुळे ती दिसत नव्हती. त्याच कुटुंबातल्या ‘मोलस्काबेस’ या संकेतस्थळावर जमिनीवरचे, गोड्या पाण्यातले आणि जीवाश्म स्वरूपातलेही मृदुकाय प्राणी आहेत. तेथे सहाही नावे मिळाली.

दुसरी अडचण मीच ओढवून घेतली. नावापुढे नामकर्त्याचे नाव व साल कधी कंसात तर कधी कंसाविना येत होते. तो छपाईचा गोंधळ समजून मी सगळे कंस एका फटक्यात काढून टाकले. प्रत्यक्षात त्या कंसाला नेमका अर्थ आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ साली ‘कोनस टेक्स्टाइल’ हे नाव दिले आणि ती जात आजही कोनस वंशातच आहे, म्हणून तिथे कंस नाही. कवडीला त्याने सायप्रिया वंशात घातले होते, पुढे तिचा वंश बदलला, म्हणून ‘(लिनिअस, १७५८)’ असे कंसात लिहायचे. १७१ ओळी पुन्हा तपासण्यात आणखी दोन संध्याकाळी गेल्या.

२५ फेब्रुवारी

यादीतली नावे आधुनिक झाली म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत होती, ती आज मोडली. अकराव्या डब्यात सहा शंख एकाच पुडीत होते. चिठ्ठीवर ‘एबर्ना स्पायराटा, क्विलॉन, १९७८’ असे लिहिलेले होते. वडिलांचे एक सहकारी केरळात बदलून गेले होते, त्यांनी ते तिथल्या मासेमारीच्या धक्क्यावरून पाठवल्याचे आईने सांगितले. क्विलॉन म्हणजे आजचे कोल्लम. एबर्नाचे आजचे नाव बॅबिलोनिया, म्हणून मी सहाही नग ‘बॅबिलोनिया स्पायराटा’ म्हणून नोंदवून मोकळी झाले होते.

आज छायाचित्रे काढताना सहाही शंख टोक वर करून ओळीने ठेवले, तेव्हा त्यांतले दोन वेगळे दिसले. चार शंखांत एका वेटोळ्याच्या व दुसऱ्याच्या मधल्या सांध्यावर खोल पन्हळ आहे, इतकी की तिच्यात नखाची कड सहज बसते. उरलेल्या दोघांत ती पन्हळ अजिबात नाही, सांधा सपाट आहे आणि टोकाशी फिकट जांभळी झाक आहे. ती ‘बॅबिलोनिया झेलॅनिका’ ही दुसरी जात आहे. या दोन्ही जाती कोल्लमच्या मासेमारीत सोबतच येतात, त्यामुळे पुडीत त्यांची सरमिसळ झाली यात नवल नाही.

नावांची नोंदवही फक्त नाव बदलून देते. मूळ ओळख चुकली असेल तर ती चुकीच तितक्याच शिस्तीने आधुनिक करून देते. म्हणून आता प्रत्येक नग हातात घेऊन चित्रांशी ताडायचे ठरवले आहे.

चित्रांसाठी जी संकेतस्थळे वापरते आहे त्यांबद्दल थोडक्यात : फिलिपिन्समधून चालणाऱ्या ‘कॉन्कॉलॉजी’ या विक्रेत्या संस्थेचा चित्रसंग्रह फार मोठा आहे आणि छायाचित्रे अत्यंत स्वच्छ आहेत, मात्र त्यांतले पुष्कळ नग तिकडच्या समुद्रातले व निवडून काढलेले असतात. आपल्या किनाऱ्यावरचा झिजलेला, रंग उडालेला नग त्यांच्याशी ताडताना मन थाऱ्यावर ठेवावे लागते. एका वेटोळ्या शंखाला पाच-सात चित्रे पाहायची असतील तर ‘गॅस्ट्रोपॉड्स’ हे हार्डी यांनी वर्षानुवर्षे जमवलेले संकेतस्थळ बरे पडते, पण तिथे दोन झडपांचे शिंपले नाहीत. लंडनच्या लिनियन सोसायटीने खुद्द लिनिअसच्या संग्रहातल्या शंखांची छायाचित्रे खुली ठेवली आहेत. ज्या नगांवरून अडीचशे वर्षांपूर्वी ही नावे पडली, ते आपल्या टेबलावरच्या नगाशेजारी पडद्यावर पाहताना मला खरोखर भरून आले.

१७ मार्च

ओळख पटवण्यासाठी जाणकारांची मदत घ्यावी म्हणून ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चाळीस नग चढवले. दुसऱ्याच दिवशी एका अनोळखी सदस्याने अतिशय नम्रपणे विचारले की पुण्यात समुद्री शंख कसे सापडले. मोबाइलने छायाचित्राबरोबर आमच्या घराचे स्थळ आणि आजची तारीख आपोआप जोडली होती. म्हणजे १९७२ साली रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर मिळालेला शंख २०२४ च्या मार्चमध्ये सह्याद्रीच्या अलीकडे मिळाल्याची नोंद जगापुढे गेली होती. अशा नोंदींच्या ओळखीवर निदान दोन सदस्यांचे एकमत झाले की त्यांतल्या खुल्या परवान्याच्या नोंदी ‘जीबिफ’ या जागतिक माहितीसाठ्यात जातात आणि तिथून त्या अभ्यासकांच्या नकाशावर बिंदू होऊन बसतात. जानेवारीत चिठ्ठ्यांच्या बाबतीत जे केले, तेच मी येथे पुन्हा करत होते.

चाळीसही नोंदी उघडून तारीख चिठ्ठीवरची घातली, स्थळ नकाशावर हाताने ठेवले आणि चिठ्ठीवर केवळ ‘मालवण’ असेल तेथे अचूकतेचे वर्तुळ काही किलोमीटरचे केले. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली स्थळाची सोय आता कायमची बंद केली आहे. त्या संकेतस्थळाच्या यंत्राने आपोआप सुचवलेली नावे हा केवळ आरंभ समजावा : एकाच बाजूने काढलेल्या चित्रावरून ते बहुधा वंशापर्यंतच बरोबर पोचते. प्रत्येक नगाची तोंडाची बाजू, पाठ, टोक आणि शेजारी पट्टी अशी चार चित्रे दिल्यावर उत्तरे खूपच सुधारली. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या २०१७ पासून चालणाऱ्या नागरिकांच्या उपक्रमातल्या नोंदी तिथेच पाहता येतात आणि आपल्याकडच्या खडकाळ किनाऱ्यावरचे जिवंत प्राणी पाहण्यासाठी त्यांच्याइतका उपयोग मला दुसऱ्या कशाचाही झालेला नाही.

२१ एप्रिल

ओळीने मांडून ठेवण्यासाठी सुताराकडून प्लायवूडचे बारा खणांचे कपाट करून घेतले. १४,५०० रुपये लागले. दिसायला फार सुरेख झाले आहे.

१२ मे

कायद्याची बाजू पाहण्यासाठी हा आठवडा दिला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत २००१ साली चोवीस मृदुकाय जातींचा समावेश झाला. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून अनुसूचींची मांडणी बदलली आहे, त्यामुळे जुन्या लेखांतल्या याद्यांवर न विसंबता सध्याची अनुसूचीच उघडून वाचावी. २००१ च्या यादीत नावे जुन्या पद्धतीने आहेत. ‘ट्रोकस निलोटिकस’ आता ‘रोकिया निलोटिका’ आहे आणि ‘प्लॅसेंटा प्लॅसेंटा’ म्हणजे आजचा ‘प्लाक्युना प्लॅसेंटा’. माझ्या आधुनिक केलेल्या यादीत ही नावे कायद्यातल्या नावांशी जुळली नसती आणि संरक्षित नग तसेच नजरेआड राहिले असते. वर्म्सवर प्रत्येक जातीच्या पानावर खाली सर्व जुनी नावे असतात. त्यांवरून उलट दिशेने ताळा घेतला.

आमच्या संग्रहात असे तीन नग निघाले : एक नॉटिलस, जो मुंबईतल्या एका स्नेह्यांनी अंदमानहून आणून दिला होता, आणि प्लाक्युनाच्या दोन अर्धपारदर्शक चकत्या, ज्या वडिलांनी वेंगुर्ल्याला असताना गोव्यातल्या एका पडक्या घराच्या खिडकीतून पडलेल्या उचलल्या होत्या. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी याच शिंपल्याच्या चकत्या बसवलेल्या असत. तिन्ही नग वेगळे ठेवले, छायाचित्रांसह यादी केली आणि वन विभागाच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. नॉटिलस २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही आहे. परदेशी संग्राहकांनी अदलाबदलीसाठी विचारले तर सरळ नकार द्यावा.

९ जून

वडिलांच्या मुंबईतल्या डब्यांसाठी ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ उघडली. तिथे शे-दोनशे वर्षांपूर्वीचे प्राणिशास्त्राचे ग्रंथ पानापानाची छायाचित्रे घेऊन मोफत ठेवलेले आहेत. मेल्व्हिल आणि ॲबरक्रॉम्बी यांनी १८९३ साली मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली होती, तिच्या मागावर तिथवर गेले.

जुन्या ग्रंथांत शोध घेताना दोन दिवस एका अक्षराने खाल्ले. ‘सायप्रिया’ या नावात ए आणि ई जोडून छापलेले एकच अक्षर असते आणि यंत्राने वाचताना ते भलतेच काही वाचलेले असते, त्यामुळे वंशाचे नाव घालून शोधले की हाती काही लागत नाही. जातीचे दुसरे नाव एवढेच घालून शोधावे. ‘मोनेटा’ घातल्यावर पानेच्या पाने मिळाली.

७ जुलै

जानेवारीतल्या ५८ नगांकडे परत आले. त्यांची जागा काही प्रमाणात तरी परत मिळते का, हे पाहण्यासाठी तीन गोष्टी हाताशी होत्या : उरलेले कागद, आईची आठवण आणि वाळू.

कागदांवरच्या वर्तमानपत्राच्या तारखांवरून पुडी त्या तारखेच्या आधी बांधलेली नाही एवढे निश्चित होते. एका तुकड्यावर १४ ऑगस्ट १९७६ अशी तारीख आहे. त्या वेळी आम्ही मालवणला होतो. परंतु बदलीच्या वेळी जुनी पुडी नव्या कागदात बांधली गेली असणेही शक्य आहे, म्हणून याला मी पुरावा मानलेला नाही. आईने अकरा नगांबद्दल ठामपणे सांगितले. ते ‘आईच्या आठवणीनुसार, २०२४’ असे वेगळ्या रकान्यात लिहिले, चिठ्ठीच्या रकान्यात घातले नाही.

वाळूचे मात्र मन लावून करण्यासारखे निघाले. रत्नागिरीजवळच्या भाट्ये, मिऱ्या आणि काळबादेवी या उपसागरांच्या वाळूत इल्मेनाइट या काळ्या, जड खनिजाचे प्रमाण चांगले आहे. ‘टरिटेला’ म्हणजे मळसूत्रासारखे उंच, निमुळते शंख, त्यांच्या आतल्या वेटोळ्यांत धुतल्यावरही वाळू अडकून राहते. एक शंख पांढऱ्या कागदावर उपडा धरून मी पेन्सिलीने हलकेच ठोकला. चिमूटभर वाळू पडली. कागदाखाली जोरदार लोहचुंबक फिरवला, तेव्हा फिकट कण जागच्या जागी राहिले आणि त्यांच्यातले काळे कण उभे राहून ब्रशच्या केसांसारखे चुंबकामागे सरकू लागले. मग भाट्याची चिठ्ठी शाबूत असलेल्या चौथ्या डब्यातल्या पुडीतली वाळू घेऊन तसेच केले, तर तेच दिसले. मालवणच्या पुडीतल्या फिकट वाळूत एकही कण हलला नाही.

असे आठ नग ‘बहुधा रत्नागिरी परिसर, आतील वाळूवरून’ या शेऱ्यासह नोंदवले. काळी वाळू कोकणात इतरत्रही आहे, म्हणून ‘बहुधा’ हा शब्द काढणार नाही. बादलीतली वाळू कुंडीत ओतली नसती तर निदान तीन डब्यांची मिळून तुलना तरी करता आली असती. आईने सांगितलेले अकरा आणि हे आठ सोडता ३९ नग ‘स्थळ अज्ञात’ राहिले आहेत.

जीबिफवरचा एखाद्या जातीचा नकाशा पाहून जागा भरण्याचा मोह झाला होता. तसे केले असते तर नकाशावरून जागा ठरवायची आणि ती जागा पुन्हा नकाशाला पुरवायची असा प्रकार झाला असता, म्हणून ते सोडून दिले.

२२ सप्टेंबर

पावसाळ्यानंतर कपाटाचे खण उघडले. आंबूस, शिरक्यासारखा वास आला. तिसऱ्या व चौथ्या खणातल्या कवड्यांवर पांढरी, पिठासारखी भुकटी आली होती. बुरशी समजून पुसली, तर खालची चकाकी गेलेली आणि पृष्ठभाग खरखरीत झालेला. ही बुरशी नाही. लाकूड, प्लायवूड आणि त्यातला सरस यांतून निघणाऱ्या ॲसिटिक व फॉर्मिक आम्लाच्या वाफा दमट हवेत शंखाच्या कॅल्शियम कार्बोनेटवर काम करतात आणि त्याचे क्षार वर फुलून येतात. १८९९ साली बाइन नावाच्या संग्राहकाने याविषयी लिहिले, त्याला ते जंतूंचे काम वाटले होते. नाव मात्र त्याचेच चिकटले आहे : याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. संग्रहालयांच्या संवर्धन विभागांच्या संकेतस्थळांवर हे सारे स्पष्ट लिहिलेले आहे. कपाटाला पैसे देण्याआधी मी ते वाचायला हवे होते.

एकूण ७४ नग बाधित झाले. ते ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून, पाणी चार वेळा बदलून क्षार काढले आणि सावलीत पूर्ण वाळवले. भुकटी गेली, चकाकी परत आली नाही. पत्र्याच्या डब्यांत तीस वर्षे जे टिकले, ते माझ्या कपाटात पाच महिन्यांत गेले, याचे मनाला फार लागले.

२० ऑक्टोबर

पावडर कोटिंग केलेले पत्र्याचे खणांचे कपाट जुन्या बाजारातून ९,२०० रुपयांना आणले. पॉलिथिनच्या झिप पिशव्या, आम्लविरहित कागद आणि आर्द्रतामापक यांना २,६५० रुपये लागले. प्लायवूडचे कपाट आता पुस्तकांसाठी वापरते. चिठ्ठ्यांच्या नकला मी आधी बिलाच्या यंत्राच्या कागदावर छापल्या होत्या, त्या फिकट पडू लागल्या आहेत. सगळ्या पेन्सिलीने पुन्हा लिहिल्या. हे काम नऊ दिवस चालले.

२४ नोव्हेंबर

आज तेविसावा डबा उघडला. शेवटची पुडी देवबागची होती. चिठ्ठीवर वडिलांच्या बारीक, तिरप्या अक्षरात ‘देवबाग, ११-२-७९, भरती उतरल्यावर, संगमाकडील बाजू’ असे लिहिलेले आहे आणि आत तीन लहान शंख आहेत, ज्यांच्या तोंडात अजून वाळू भरलेली आहे. ते धुतले नाहीत. सुटी झालेली वाळू वेगळ्या छोट्या पिशवीत घालून तिच्यावरही ६३८ ते ६४० हेच क्रमांक टाकले आणि पिशवी शंखांबरोबर ठेवली.

यादीत आता १६४ स्वीकृत नावे आहेत, कारण वहीतल्या काही नावांच्या जोड्या एकाच जातीच्या निघाल्या. २७ नगांची ओळख वंशापर्यंतच पटली आहे. ३९ बिनजागेचे नग खालच्या खणात वेगळे ठेवले आहेत आणि त्यांच्या पिशव्यांवर स्थळाची ओळ कोरी सोडली आहे.